कार्डावरची दुसरी रेघ

मला राग लवकर येतो असं घरात सगळे म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. बहुतेक राग संध्याकाळच्या चहापर्यंत उतरतो. एक मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो बोटाएवढ्या एका प्लास्टिकच्या कार्डावरचा आहे.

मी रक्त तपासणारी बाई. नेरूळला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका खासगी लॅबमध्ये बारा वर्षं काम केलं. सकाळी सात ते नऊ घरोघरी जाऊन सॅम्पल घ्यायची, मग दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. माहेर करावे गावात. बाबा खाडीत मासेमारी करायचे, आता खोल्या भाड्याने देऊन बसलेत आणि भाडेकरूंना खाडीच्या गोष्टी सांगतात. त्यातली त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट हिवतापाची. लहानपणी त्यांना तो इतक्या वेळा आला की घरात मोजणं सोडून दिलं होतं. म्हणून ते छाती पुढे काढून म्हणायचे, "आमचं रगत मुरलेलं हाय. मच्छर चावला तर मच्छर मरंल."

साठी उलटल्यावर त्यांना पुन्हा मलेरिया झाला. गोधडीत कुडकुडत पडले होते, पण तापापेक्षा अपमान मोठा झाला होता. "मना कसा झाला?" एवढंच विचारत राहिले. गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या होत्या, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि यांनी पाकीट खिडकीबाहेर भिरकावलं. मी दुसरं आणलं. पुढचे दहा दिवस कामावर जायच्या आधी करावेला जाऊन त्यांना तोंड उघडायला लावत होते, गोळी गिळली की नाही बघायला. आमच्या दोघांची त्या दहा दिवसांतली भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

त्यांना समजावता समजावता मला स्वतःलाच सगळं नीट समजलं. कॉलेजात पाठ केलं होतं, पण पाठ करणं वेगळं. मलेरियाचा परजीवी डासाच्या सोंडेतून आत शिरतो, आधी यकृतात दडतो आणि मग तांबड्या पेशींत घुसतो. आपल्याच पेशीच्या आत बसलेल्या चोराला धरणार कसं? तो एक पेशी फोडून दुसरीत जातो तेवढ्या क्षणात त्याला गाठावं लागतं. ते काम करणारी प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी, आणि त्या तयार करतात रक्तातल्या बी पेशी. पहिल्या तापात या पेशी धावपळ करून भरमसाट अँटिबॉडी काढतात, पण त्यातल्या बऱ्याचशा पेशी थोड्याच दिवसांत मरून जातात. काही हाडांच्या मज्जेत जाऊन बसतात आणि गुपचूप अँटिबॉडी सोडत राहतात. काही नुसती ओळख लक्षात ठेवून फिरतात. त्यात हा परजीवी बहुरूपी, दर वेळी अंगरखा बदलून येतो, त्यामुळे या बिचाऱ्यांना दर वेळी नव्याने शिकावं लागतं. वारंवार ताप येत राहिला तर आठवण ठेवणाऱ्या पेशींतल्या काही विचित्रच होतात, थकलेल्या माणसासारख्या मंद. त्या कामाच्या की बिनकामाच्या, यावर शिकलेल्या लोकांचंही अजून एकमत नाही. आणि बरीच वर्षं परजीवीशी गाठच पडली नाही तर सगळा बंदोबस्त सैल पडत जातो.

"म्हंजे रगत इसरलं?" बाबांनी विचारलं.

"सगळं नाही. थोडं आठवतं त्याला."

त्यावर त्यांनी गोधडी अंगावर ओढून घेतली. मग म्हणाले, "थोडं आठवून काय फायदा?"

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की रक्तात अँटिबॉडी सापडली याचा अर्थ माणूस आजारी आहे असा होत नाही. हे रक्त कधीतरी लढलं होतं, एवढाच होतो. हे मला त्या दिवशी पक्कं माहीत होतं. माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

पाम बीच रोडच्या बाजूला एक उंच टॉवर आहे. मी तिथे रोज सकाळी सॅम्पल घ्यायला जायचे. तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतर तिथल्या दोन मुलांना मलेरिया झाला आणि सोसायटीच्या ग्रुपवर हलकल्लोळ उडाला. दुसऱ्या बेसमेंटमध्ये जुलैपासून घोटाभर पाणी साचलेलं होतं. ते मला माहीत होतं, कारण आम्हा बाहेरून कामाला येणाऱ्यांना फक्त सर्व्हिस लिफ्ट, आणि त्या लिफ्टची रांग तिथल्याच पाण्याकडेला लागायची. मी सेक्रेटरींना दोनदा सांगितलं होतं की इथे अळ्या दिसतायत. "मोटर बिघडलीय मॅडम, ऑर्डर केलीये," म्हणाले. मुलं आजारी पडल्यावर कमिटी बसली, आणि कमिटीने ठरवलं काय, तर बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. कामवाल्या, ड्रायव्हर, वॉचमन, कचरा नेणारे. राहणाऱ्यांचं नाही. राहणाऱ्यांना डास ओळखतात बहुतेक.

ते शिबिर आमच्या लॅबला मिळालं. लॅबचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांच्याकडे कार्डांचे खोके पडून होते. बोटातून रक्ताचा थेंब, कार्डावर टाकायचा, वीस मिनिटांत एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. मी खोका उलटा करून वाचला.

"सर, हे अँटिबॉडीचं कार्ड आहे. गेल्या वर्षीचा मलेरियासुद्धा दाखवेल. आपण स्लाइड करू या, मायक्रोस्कोपखाली परजीवीच दिसेल."

"सत्तर स्लाइड कोण बघत बसणार? त्यांना दुपारपर्यंत लिस्ट पाहिजे."

"पण याने कळणारच नाही कोणाला आत्ता आहे ते."

"त्यांनी स्क्रीनिंग मागितलंय. आपण स्क्रीनिंग देतोय. तू टेन्शन नको घेऊस."

आणि मी, जी बापाचा जबडा उघडून गोळी शोधते, ती तिथे मूग गिळून बसले. रिपोर्टच्या छापील फॉर्मवर नुसतं 'मलेरिया' लिहिलेलं होतं, पुढे दोन चौकोन, आणि खाली शेऱ्याची जागा. तिथे पेनाने चार शब्द लिहिले असते, 'जुना आजारही दिसू शकतो', तर कोणी माझा हात धरला नसता. मी लिहिले नाहीत. क्लबहाउसच्या बाहेर टेबल मांडलं होतं, रांग लांब होती, ऊन होतं. ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितली आहेत.

रांगेत एक मावशी होती. सातारा जिल्ह्याकडची, पन्नाशीची. नवरा वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहणारा. तिची त्या टॉवरमध्ये सहा घरं होती, भांडी आणि झाडू-लादी. मी तिला ओळखत होते, कारण सकाळी त्याच लिफ्टच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या असायचो. आदल्या वर्षी तिला मलेरिया झाला होता आणि तिने पालिकेच्या केंद्रातून गोळ्या घेऊन चौदाच्या चौदा दिवस पूर्ण केल्या होत्या. रिकामी पाकिटं नर्सला दाखवायला जपून ठेवली होती, हे तिनेच मला कौतुकाने सांगितलेलं. माझ्या बापापेक्षा शंभरपट शहाणी. तिच्या कार्डावर दोन रेघा उमटल्या. उमटणारच होत्या. मी चौकोनात खूण केली आणि सही केली.

नऊ जण पॉझिटिव्ह निघाले. दुपारी लिस्ट गेली आणि संध्याकाळच्या आत गेटवरच्या अ‍ॅपमध्ये नऊ जणांचे प्रवेशाचे कोड लाल झाले, म्हणजे आत येणं बंद आणि कामही.

दुसऱ्या दिवशी मावशी लॅबमध्ये आली. खुर्ची दिली तर बसली नाही, दाराशी उभी राहिली.

"ताई, येक इचारू का? घरात लेक आलीय, दिवस भरत आल्यात तिचं. दिवाळीत बाळंतपण हाय. माझ्यामुळं तिला काय हुईल का?"

तिने हे विचारलं. काम परत मिळेल का, असं नव्हतं विचारलं. आज मला तिचे शब्द जसेच्या तसे आठवतात. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली होती की मी फक्त 'माझ्यामुळं' एवढंच ऐकलं.

"तुमच्यामुळं? त्यांच्या बेसमेंटमुळं म्हणा. तुम्ही बसा इथे. मी बघते एकेकाला."

मी तिच्या बोटातून दोन थेंब घेतले आणि काचेवर रक्ताचे जाड आणि पातळ थर, म्हणजे दोन्ही फिल्म केल्या. रंग देऊन वाळवून दुपारभर बघितल्या. जाड फिल्मची दोनशे क्षेत्रं मोजून बघतात, मी त्याच्या दुप्पट बघितली. परजीवीचा मागमूस नव्हता. तांबड्या पेशी, आणि मधूनच एखादी जांभळी, गोल, कडेला निळसर झालर असलेली लिम्फोसाइट, म्हणजे एक पांढरी पेशी. त्यांतल्याच काही बी पेशी असतात, पण अशा रंगात कुठली ते सांगता येत नाही, सगळ्या सारख्याच दिसतात. यांतल्याच कोणीतरी इमानाने काम केलं होतं, आणि त्या कामाची शिक्षा या बाईला झाली होती. मी रिपोर्ट टाइप केला, 'मलेरियाचे परजीवी आढळले नाहीत', आणि सही ठोकली. मावशी तोवर घरी निघून गेली होती.

पुढच्या रविवारी क्लबहाउसमध्ये कमिटीची मीटिंग होती. मी रिपोर्ट घेऊन गेले. मावशी माझ्या निरोपावरून आली होती, पण कोड लाल, म्हणून ती गेटबाहेर फुटपाथवर थांबली. मी सेक्रेटरींपुढे कागद ठेवला आणि जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं, की तुम्ही ज्याला आजार म्हणताय ती आजाराची आठवण आहे.

सेक्रेटरींनी मोबाइल पुढे केला. "मॅडम, मी वाचलंय. ज्यांना वारंवार होतो त्यांना ताप न येता पण रक्तात असू शकतो. येस ऑर नो?"

येस. असतं तसं. मुरलेल्या रक्तात कधी कधी दोन्ही नांदतात, थोडे परजीवी आणि त्यांना आवरून धरणाऱ्या अँटिबॉडी. मी खोटं बोलू शकत नव्हते.

"असू शकतो. म्हणूनच स्लाइड बघितली. नाहीये."

"हंड्रेड पर्सेंट गॅरंटी देता?"

"रक्ताची हंड्रेड पर्सेंट गॅरंटी कोणीच देत नाही. तुमचीसुद्धा नाही."

"मग सॉरी. इथे लहान मुलं आहेत."

तेव्हा मी पर्समधून माझं स्वतःचं कार्ड काढलं. सकाळीच करून घेतलं होतं. दोन रेघा, ठसठशीत. मलाही त्याच्या दोन वर्षं आधी मलेरिया झाला होता, याच गावात, याच खाडीकाठी. "हे माझं," मी म्हणाले. "मी रोज सकाळी तुमच्या बेडरूमपर्यंत येते. हातात सुई घेऊन येते. माझा कोड हिरवा आहे. करा लाल."

कोणी ते कार्ड हातात घेतलं नाही. एक बाई पाण्याची बाटली उघडून प्यायला लागली.

"मॅडम, तुमची गोष्ट वेगळी आहे," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले.

"कशी वेगळी?"

"तुम्ही एज्युकेटेड आहात."

त्यानंतर मी जे बोलले ते करावेच्या धक्क्यावर शिकलेलं होतं, बी.एस्सी.ला नव्हे. वॉचमन आत बघायला आला. मी कागद उचलून बाहेर पडले, आणि गेटवर मावशी समोर आली तेव्हा अजून धापा टाकत होते.

"नाही मान्य करत," मी म्हणाले. "हरामखोर आहेत सगळे. पण मी सोडणार नाही, तुम्ही बघा."

तिने मान हलवली. पदर सारखा केला आणि बस स्टॉपकडे गेली. तिच्या हातात द्यायचा तो रिपोर्ट माझ्याच मुठीत चुरगळलेला होता.

मी खरंच सोडलं नाही. पालिकेच्या मलेरिया विभागाकडे तक्रार केली, फोटो जोडले, चार खेपा घातल्या. शेवटी इन्स्पेक्टर आला, त्याने बेसमेंटमधून बाटलीत पाणी घेतलं आणि सेक्रेटरींच्या नाकापुढे धरलं. अळ्या वळवळत होत्या. सोसायटीला नोटीस लागली आणि मोटर दोन दिवसांत आली. मी लॅबमध्ये सरांशी भांडले, कार्डांचे उरलेले खोके त्यांच्या टेबलावर आपटले आणि नोकरी सोडली. मग महिनोन्महिने जो भेटेल त्याला ही हकिकत सांगत सुटले. बाबांना तर तोंडपाठ झाली होती. सेक्रेटरींचं तोंड कसं झालं ते मी करूनही दाखवायचे. फॉर्मवर मावशीचा मोबाइल नंबर होता, मी तो माझ्या फोनमध्ये घेतलाही होता. फोन केला नाही. मी तिच्यासाठीच लढतेय, ही माझी इतकी खात्री होती की तिला विचारायचं काही उरलंय असं वाटलंच नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ती नेरूळच्या भाजी मार्केटात भेटली. वाळली होती. आता एका हॉलवर भांडी घासते म्हणाली, लग्नाच्या पंगतीची. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. अळ्या, नोटीस, मोटर.

"बरं झालं," म्हणाली. मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ताई, ते अजून हाय का माझ्यात?"

"काय?"

"मलेरिया. रगतातला."

"नाहीये. नव्हताच. मावशी, तुमची स्लाइड साफ होती. म्हणजे... तुम्हाला मी..."

"तुमी म्हनाला न्हवं, मान्य न्हाई करत. मला वाटलं, दुसऱ्या तपासात बी तेच आलं."

ती सांगत गेली, कुरकूर न करता, बाजारभाव सांगावेत तशी. दिवाळीत लेकीला मुलगी झाली. मावशीने तिला हात लावला नाही. अख्ख्या चाळीतली पोरं जिने पायावर घेऊन न्हाऊ घातली, ती उंबऱ्याजवळ बसून राहिली आणि बाळाला न्हाऊ घालायला शेजारीण लावली. ताट-वाटी वेगळी केली. झोपायला शेजाऱ्यांकडे जायची. लेकीने दोनदा विचारलं, तर अंग दुखतंय म्हणाली. मलेरिया शिवल्याने होत नाही, हेही मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"पण तिला सांगायचं ना, असं असं आहे म्हणून."

"सांगून? तिच्या सासरी कळलं असतं. त्यांनी तिचं बी रगत तपासलं असतं, बाळाचं बी. आन् दोन रेघा आल्या असत्या मंग?"

मी मान खाली घातली. तिचं चुकलं असं म्हणायला मला जागा नव्हती. नऊ जणांचं काय होतं ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

"लेक रुसली," ती म्हणाली. "पोरगी झाली म्हनून आई शिवत न्हाई, असं बसलं तिच्या मनात. तीन महिनं ऱ्हानार हुती, सव्वा महिन्यात गेली उठून. परवा जावई कामाला आला हुता, तवा घिऊन आला बाळाला. मी लांबनंच बघितलं. मला बघून रडाय लागली ती. वळख न्हाई न्हवं."

माझ्या आयुष्यात मी किती लोकांवर ओरडले असेन. त्या क्षणी ओरडायला समोर कोणी नव्हतं. भाजीवाला पालकावर पाणी मारत होता आणि गर्दी आम्हाला ढकलून पुढे जात होती.

"लेकीला फोन लावा," मी म्हणाले. "मी बोलते तिच्याशी. आत्ता."

"काय सांगनार?"

"माझी चूक झाली म्हणून सांगते."

मावशीने फोन काढला, मग तसाच परत कमरेला खोचला. "माझा न्हाई उचलत ती. तुमच्यावरनं लावा."

तिने नंबर तोंडपाठ सांगितला. मी लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला, मागे बाळाचा आवाज येत होता.

"हॅलो, कोण बोलतंय?"

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माझं नाव सांगितलं, आणि मग सांगितलं की तुझ्या आईचं रक्त तपासणारी बाई मी.